काल काय जेवला?

ब्रदरनी कुणाला "दारू सोडली का?" असं विचारलेलं मी बारा वर्षांत एकदाही ऐकलं नाही. आमच्या व्यसनमुक्ती केंद्रातल्या औषधाच्या खिडकीत ते सकाळी आठला उभे राहायचे. समोरच्याच्या हातात पाण्यात विरघळवलेल्या गोळीचा पेला द्यायचे आणि त्याने तो रिकामा केला की विचारायचे, "काल काय जेवला?" माणूस सांगायचा, ते रजिस्टरमध्ये लिहायचे आणि पुढच्याला बोलवायचे.

यामागे एक साधी युक्ती होती. गोळीचं पाणी गालात धरून बाहेरच्या कडुनिंबाखाली थुंकणारे महाभाग आमच्याकडे कमी नव्हते. बोलायला लावलं की ते गिळावंच लागतं. "पण मग नाव विचारा की," मी नवीन असताना त्यांना म्हणाले होते. ब्रदर म्हणाले, "नाव पिऊन बी सांगता येतं म्याडम. जेवण नाय सांगता येत."

ब्रदर म्हणजे आमचे पुरुष परिचारक. दवाखान्यात बाईला सिस्टर म्हणतात तसं पुरुषाला ब्रदर म्हणतात, आणि ते नाव त्यांना इतकं चिकटलं होतं की पगाराच्या यादीतलं खरं नाव वाचताना आम्हीच क्षणभर थांबायचो. उंच, वाळके, मनगटाच्या आतल्या बाजूला घड्याळ. फुलंब्रीच्या पलीकडच्या एका गावातलं मेंढपाळाचं घर, वडिलांनी आणि चुलत्यांनी जन्मभर मेंढरं राखलेली. सकाळी रांगेतली डोकी ते बोट न हलवता, नुसत्या नजरेने मोजायचे आणि एखादं कमी असलं की लगेच म्हणायचे, "करमाडवाला नाय आला."

मी तिथली समुपदेशक. गोळी शरीराचं बघते आणि समुपदेशक मनाचं, असं आमच्या माहितीपत्रकात छापलेलं आहे. प्रत्यक्षात मी दिवसभर शपथा ऐकते. आईची शपथ, लेकराची शपथ, बाबासाहेबांची शपथ, खंडोबाची शपथ. पहिल्या वर्षी मी त्या खऱ्या मानायचे, तिसऱ्या वर्षी चिडायचे, आता माझं लक्ष पंख्याच्या आवाजाकडे जातं. ब्रदरच्या खिडकीत शपथेला बंदी होती. कुणी सुरू केली की ते पेन खाली ठेवायचे. "शपथ नको. भाजी सांग."

भाजीवरून त्यांना काय काय कळायचं, हे मला हळूहळू समजलं. शहागंजकडचा एक रिक्षावाला होता, चांगला चार महिने टिकलेला. तो रोज झोकात सांगायचा, "कल मटन का खलिया खाया चचा, नान के साथ." एकदा त्याने ओळीने नऊ दिवस मेथी-भाकरी सांगितली. नवव्या दिवशी त्याने पेला घ्यायच्या आधीच मेथी म्हटलं आणि ब्रदरनी पेला पुढे न करता चष्म्यावरून बघितलं. "नऊ दिवस मेथी. बीवी मायके गयी क्या?" रिक्षावाला खाली बसला. बायको खरंच माहेरी गेली होती, आणि का गेली होती ते आम्हाला त्याच्या तोंडाच्या वासावरून दुपारी कळलं. ब्रदरना सकाळीच कळलं होतं. त्यांनी त्याला बाकावर बसवलं आणि चहा दिला. त्या दिवशी त्याला गोळी दिली नाही, कारण पोटात दारू असताना ती द्यायची नसते.

ज्याला जेवण आठवत नसेल त्याच्या नावापुढे ते आडवी रेघ ओढायचे. ओरडायचे नाहीत, उपदेश तर नाहीच. "ज्याला कालचं जेवण आठवत नाय तो काल घरात नव्हता," एवढंच त्यांचं म्हणणं. मग तो गडी भले आपल्या घरात, आपल्या पाटावर बसलेला असो.

या रजिस्टरवरून एकदा मोठं रामायण झालं. वरून एक तपासणी अधिकारी आले होते. आमच्या छापील तक्त्यात एक रकाना असतो, दारूची ओढ शून्य ते दहापैकी किती. ब्रदरच्या पानांवर त्या रकान्यात आकडे नव्हतेच. तिथे लिहिलं होतं, वांग्याचं भरीत. त्याखाली, शेंगदाण्याची चटणी आणि दूध. त्याखाली, काहीच नाही, उपास म्हणतो. साहेब आधी हसले, मग तापले. ब्रदर हात मागे बांधून ऐकत राहिले. शेवटी आमचे डॉक्टर मध्ये पडले आणि म्हणाले, "साहेब, मी रोज हेच वाचून औषध ठरवतो." ते पूर्ण खरं नव्हतं. पण डॉक्टर ते रजिस्टर रोज वाचायचे, हे मी पाहिलं आहे.

आणि त्यांची सगळ्यात मोठी तऱ्हा म्हणजे ते स्वतः ती गोळी घ्यायचे. रोज, सगळ्यांच्या आधी, रांगेसमोर उभे राहून. स्टीलचा स्वतःचा पेला, चमच्याने ढवळलेलं पांढरट पाणी, एक घोट, आणि मग रांगेला उद्देशून, "काल ज्वारीची भाकर, डाळ-कांदा, ताक." अठरा वर्षं त्यांनी दारूला शिवलं नव्हतं. डॉक्टर दर सहा महिन्यांनी सांगायचे, आता याची काही गरज नाही. "डॉक्टरला औषध माहीत हाय," ब्रदर मला म्हणाले, "मी माहीत नाय."

ही गोळी दारूची इच्छा मारत नाही. ओढ कमी करणारी दुसरी औषधं आहेत, तीही आम्ही देतो. ही फक्त भीती उभी करते. ती पोटात असताना दारू घेतली की तोंड लालबुंद होतं, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब खाली जातो. कधी जिवावर बेततं. गोळी बंद केल्यावरही कितीतरी दिवस हा धोका राहतो. म्हणून ती घेणाऱ्याला हे सगळं सांगून, त्याच्या संमतीनेच द्यायची. हे वाक्य मी नातेवाइकांच्या बैठकीत दर बुधवारी म्हणते. "न सांगता दारू सोडवा" अशा जाहिराती भिंतींवर असतात, त्यांना भुलू नका, वरणात, चहात काही कालवू नका, हेही म्हणते. बायका मान हलवतात. त्यांच्यातल्या काही जणी मनात काय योजत असतात ते मला दिसतं.

ब्रदरचा आणखी एक नियम होता, तो कुठल्याच पुस्तकात नाही. रागात असलेल्या माणसाने गोळी द्यायची नाही. घरी देणारी बायको खिडकीशी आली की ते आधी तिच्या तोंडाकडे बघायचे. "आज तुमच्या हातानं नको ताई. सासूला द्यायला सांगा." सासूही रागात असली तर, "मग शेजारीण बघा." एकदा एक बाई भडकून म्हणाली, "बारा वर्षं मार खाल्लाय म्या याचा. राग नसंल व्हय?" ब्रदर म्हणाले, "राग ठेवा. लई खरा हाय. पण पेल्यात नका घालू."

मला ते वाक्य आवडलं होतं. मी ते बैठकीत वापरायचेसुद्धा.

आता जे सांगायचं आहे ते सांगते. माझा थोरला भाऊ, दादा, तेव्हा वाळूजच्या एका कंपनीत होता. वडील गेल्यावर माझं शिक्षण त्याने केलं. एमएसडब्ल्यूची फी त्याने भरली, म्हणजे माझं हे समुपदेशन त्याच्याच ओव्हरटाइमवर उभं आहे. आणि तो प्यायचा. आधी रविवारी, मग शनिवार-रविवार, मग पाळी कुठली आहे त्यावर. केंद्रात मी हे कुणाला सांगितलं नव्हतं. लाज वाटायची. दिवसभर दुसऱ्यांच्या भावांना वळण लावायचं आणि घरी आल्यावर आपल्या भावाच्या पायातले बूट काढायचे, याची चीड यायची. मी मूळची चिडकीच आहे. पण त्या वर्षातला राग वेगळा होता, तो झोपेतही उतरत नव्हता.

दादाला मी दहा वेळा म्हटलं, चल केंद्रात. तो हसायचा. "तुझ्या दुकानात मला नको नेऊ."

मग मी ती चूक केली. अडाणी बाईने केली असती तर मी तिला समजावलं असतं. मी सगळं माहीत असून केली. उलट माहीत होतं म्हणूनच केली. डोस मला ठाऊक, लक्षणं मला ठाऊक, काही झालंच तर काय करायचं तेही ठाऊक. ओळखीच्या मेडिकलमधून त्याच गोळीची पट्टी आणली. रोज अर्धी गोळी वाटून दादाच्या वाटीतल्या वरणात घालायची. आईलाही कळू दिलं नाही. एकदा थोडीशी तब्येत बिघडेल, घाबरेल, मग आपोआप केंद्रात येईल, असा माझा हिशेब. त्या आठवड्यात पाळी अशी लागली की तो रोज घरी जेवला आणि प्यायला नाही. मला स्वतःचं कौतुक वाटायला लागलं होतं.

आठव्या दिवशी करमाडला मावसभावाची हळद होती. दुपारी मांडवामागे पोरांनी बाटली काढली. दादाने दोन पेग घेतले असतील नसतील, तोंड लाल झालं, डोळे लाल झाले, छाती धरून तो खुर्चीवरून खाली आला. उलटी थांबेना. जीपमध्ये घालून जालना रोडने त्याला शहरातल्या एका दवाखान्यात आणलं. तिथल्या तरुण डॉक्टरने विचारलं, "यांना काही औषध चालू आहे का?" आई रडत म्हणाली, "नाय हो, साधी डोकेदुखीची गोळी बी घेत नाय."

मी तिथेच उभी होते. आई, मावशी, मावसभाऊ, हळदीचे पिवळे हात घेऊन आलेली पाहुणेमंडळी. मी मागे सरकत सरकत जिन्यापाशी गेले आणि ब्रदरना फोन लावला. त्यांना काय झालं तेवढं सांगितलं, पुढचं गिळलं.

पलीकडून त्यांचा नेहमीचा प्रश्न, नेहमीच्याच आवाजात. "काल काय जेवला त्यो?"

"वरण-भात."

"कुणी वाढलं?"

"मी," मी म्हणाले.

ब्रदर रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "आत जा. डॉक्टरला गोळीचं नाव सांगा, किती दिली, कवापासून दिली, समदं सांगा. आत्ता. म्या फोन ठेवत नाय." मी फोन हातात धरून आत गेले आणि सगळ्यांसमोर सांगितलं. आईचं रडणं थांबलं. ती माझ्याकडे ज्या नजरेने बघत होती ती नजर मी अजून विसरले नाही, आणि विसरावी असं मला वाटतही नाही.

दादा वाचला. दोन दिवसांनी घरी आला आणि त्याने माझ्या हातचं खाणं बंद केलं. आईने वाढलेलंही ताट तो आईच्या ताटाशी बदलून घ्यायचा. पुष्कळदा केळी आणि उकडलेली अंडी खायचा, म्हणजे ज्यात कुणाला काही कालवता येणार नाही अशा साली-टरफलाच्या वस्तू. मी स्वयंपाकघरात असले की तो पाणीसुद्धा स्वतः नळाखाली भरून प्यायचा. आणि दारूही सुटली नव्हती. दवाखान्यातून सोडताना सांगितलेले पंधरा दिवस कसेबसे काढले आणि मग पूर्वीपेक्षा जास्त.

मग एके दिवशी सकाळी साडेसहाला ब्रदर दारात उभे. सायकलवरून आलेले, हातात कापडी पिशवी. मला वाटलं, मला काहीतरी बोलायला आलेत. ते आईला "जयभीम माय" म्हणाले आणि थेट दादासमोर जाऊन बसले. पिशवीतून स्टीलचा पेला काढला. "म्या तुला गोळी द्यायला नाय आलो," ते म्हणाले. "म्या माझी घ्यायला आलोय. कुणीतरी बघायला लागतं. तू बघ." गोळी विरघळवली, प्यायले, आणि दादाला सांगितलं, "काल पिठलं, भाकर, कच्चा कांदा." उठले, गेले.

असं ते रोज यायला लागले. दादा पहिले काही दिवस पाठ करून बसायचा. नंतर बघायला लागला. एकदा त्याने विचारलं, "अठरा वर्षं घेताय? भीती वाटती व्हय?" मी आत कणीक मळत होते. ब्रदर जे बोलले ते मला ऐकू जावं म्हणून बोलले की नाही, कुणास ठाऊक.

"माझ्या बायकोनं कुण्या बाबाची पूड आणून चहात घातली. मला कळलं. त्या दिवसापून तिच्या हातचा चहा म्या पिलो नाय. ती रोज करून ठिवायची, म्या रोज मोरीत वतायचो. पुढं म्या दारू सोडली, पर चहा काय पिलो नाय. ती तापानं गेली. गेली त्या सकाळी बी तिनं चहा ठिवला हुता." मग पेला पिशवीत ठेवल्याचा आवाज आला. "तिनं चुकीचं केलं. लई चुकीचं. पर ती मला मारायला नव्हती बघत."

रडू आलं ते मी कणकेतच जिरवलं, दुसरीकडे जाण्यासारखी घरात जागा नाही.

दादाने गोळी मागितली ती त्यानंतर महिन्या-दीड महिन्याने. ब्रदर लगेच हो म्हणाले नाहीत. आधी डॉक्टर, आधी तपासण्या, आधी सगळं समजून घे, मग सही कर. दादा केंद्रात आला, माझ्या सहकारी बाईंकडे बोलायला बसू लागला. हे सगळं इथे चार ओळींत येतं, प्रत्यक्षात चार वर्षं गेली; माझ्या हातचं तो पुन्हा जेवायला लागला तेही त्यातल्या शेवटच्या वर्षी. दोनदा तो पुन्हा प्यायला लागला. दोन्ही वेळा मला वाटलं, संपलं. ब्रदर "परत घसरला" म्हणत नसत. खिडकीशी तो दिसला की म्हणायचे, "आला का. बरं."

ब्रदर निवृत्त झाले आणि फुलंब्रीकडे भाच्याकडे राहायला गेले. त्यांची जागा घेणारा मुलगा चांगला आहे, आकडे व्यवस्थित भरतो. मी मात्र दमले आहे. तीच माणसं पुन्हा येतात, कधी त्यांचीच मुलं येतात, आणि मला त्यांच्या फायली न उघडता पाठ असतात.

मागच्या महिन्यात दादाला दारूशिवाय चौदा महिने पूर्ण झाले. डॉक्टर म्हणाले, यकृताचे आकडे थोडे वाढलेत, गोळी आता थांबवू, बैठका चालू ठेव. दादा घरी आला तेव्हा त्याची चाल मोकळी होती. माझी झोप उडाली. गोळी नाही, म्हणजे भीती नाही, म्हणजे आता काय? चौथ्या दिवशी मी मेडिकलमध्ये गेले आणि एक पट्टी घेतली. कशासाठी, ते मी स्वतःलाही सांगितलं नाही. पर्समध्ये ठेवली. रविवारी सकाळी पहिल्या एसटीने ब्रदरकडे गेले.

ते ओट्यावर बसले होते, आणखी वाळलेले. त्यांचीही गोळी बंद झाली होती, यकृतामुळेच. आठ वाजता त्यांनी स्टीलच्या पेल्यात साधं पाणी घेतलं, ते प्यायले आणि मला सांगितलं, "काल येसर आमटी, भाकर. एकच खाल्ली." मग म्हणाले, "दादा?"

मी सांगितलं. चौदा महिने, गोळी बंद. मी जरा जास्तच भरभर बोलत होते. काल तो काय जेवला तेही न विचारता सांगितलं, तीन पोळ्या, मेथी, वरण, भात थोडा, ताक नाही.

ब्रदरनी माझ्या मांडीवरच्या पर्सकडे बघितलं की माझ्या तोंडाकडे, मला सांगता येणार नाही. "अन तुमी?" ते म्हणाले. "तुमी काल काय जेवला?"

मी सांगायला तोंड उघडलं. सकाळचा चहा आठवला. डबा नेला होता की नाही ते आठवेना. रात्री दादाला वाढलं, त्याचं ताट डोळ्यांपुढे होतं, घासनघास. माझं ताट काही दिसेना. परवाचंही दिसेना. बारा वर्षं मी या प्रश्नासमोर गप्प होणारी माणसं बघत आले आहे. त्यांच्या नावापुढे काय ओढतात तेही मला माहीत होतं.

रेघ ओढायला ब्रदरच्या हातात काही नव्हतं. ते म्हणाले, "घरी जा. त्याच्यासमोर बसून जेवा. अन उद्या आठला मला सांगा."

दुपारी मी घरी आले. आई विहारात गेली होती. दादाने कुकर लावला होता. दोन ताटं घेतली आणि बसायच्या आधी मी पर्समधून पट्टी काढून त्याच्या ताटाशेजारी ठेवली. "ही मी आणली होती," मी म्हणाले. "एकही काढलेली नाही. मोजून बघ."

दादाने पट्टी उचलली नाही, मोजलीही नाही. तो उठला तेव्हा मला वाटलं, आता हा जातो, आता मी याला पुन्हा घालवलं. तो आत जाऊन वरणाचं पातेलं घेऊन आला. माझ्या ताटात भात होता, त्यावर त्याने दोन पळ्या वरण घातलं आणि समोर बसला. मी कालवलं आणि जेवले. तो बघत होता. मग तोही जेवला.

दुसऱ्या दिवशी आठला मी फोन केला. "वरण-भात," मी सांगितलं. "कैरीचं लोणचं. भात दोनदा घेतला."

ब्रदरनी विचारलं, "कुणी वाढलं?"

"दादानं," मी म्हणाले.